उरलेली ६४० मिनिटं

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या आजींचा नातू दारात आला आणि त्याने आजींच्या चित्रणाची एक हार्ड डिस्क माझ्या हातावर ठेवली. "अकरा तासांचं आहे. वीस मिनिटांचं करून दे," म्हणाला. मेलबर्नमध्ये माझं पोट फिल्म-संकलनावर चालतं. लग्नं, कंपन्यांचे सोहळे, वर्षाकाठी एखादा माहितीपट. अकरा तासांची वीस मिनिटं करणं हा माझा रोजचाच उद्योग. शिवाय त्या आजींच्या झाडाची लिंबं आम्ही गेली नऊ वर्षं फुकट खातोय. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

आजी लेस्वोस बेटावरच्या. वय शहाऐंशी. नातू त्यांना 'याया' म्हणतो, ग्रीकमध्ये आजीला हाच शब्द, आणि आता आमच्या घरातही त्या यायाच. नातवाला एका ग्रीक मंडळाकडून छोटंसं अनुदान मिळालं होतं. विषय होता 'आपला वारसा'. फिल्ममध्ये काय काय असावं याची यादीही सोबत आली होती: जहाजातून उतरतानाची आठवण, स्वयंपाकघर, ईस्टरची लाल अंडी, नातवंडांचा नाच आणि शेवटी या देशाविषयी कृतज्ञतेचे दोन शब्द. परदेशातल्या आपल्या मंडळांच्या स्मरणिका ज्याने चाळल्यात त्याला ही यादी परकी वाटायची नाही. नऊवारी, पुरणपोळी, लेझीम आणि 'कर्मभूमी'. मी फिल्म कापून दिली. छान झाली. सभागृहात लोक रडले म्हणे. याया मात्र मध्येच उठून कॉफी करणाऱ्या बायकांना मदत करायला आत गेल्या.

मला टोचलं ते नंतर. अकरा तास म्हणजे ६६० मिनिटं. त्यातली वीस लागली. उरलेली ६४० एका फोल्डरमध्ये पडून होती आणि नातू विचारत होता, "डिलीट करू का? जागा खातंय."

स्थलांतरित आजी-आजोबांच्या गोष्टी जपण्यासाठी माहितीपट करायचा, ही कल्पना आता जगभर रुळली आहे. ग्रीक समाज त्यात पुढे आहे, कारण घर सोडून गेलेल्या माणसांची त्यांच्याकडे कमी नाही. त्या परदेशवासाला त्यांच्या भाषेत 'क्सेनित्या' असा खास शब्द आहे आणि त्यावर लोकगीतांचा ढीग आहे. पण या फिल्मसाठी जो पैसा येतो, मग तो सरकारचा असो की मंडळांचा, तो त्या वीस मिनिटांसाठी येतो. सांभाळायला हवीत ती ६४० मिनिटं. त्यांच्यासाठी कुणी दमडी देत नाही, आणि देत नाही याचं कुणाला काही वाटतही नाही. हे उलटं झालं पाहिजे, असं माझं मत आहे. फिल्म नाही झाली तरी चालेल. कच्चं चित्रण अख्खं राहिलं पाहिजे, म्हातारीच्या शब्दांत राहिलं पाहिजे आणि परक्याला सापडेल अशा जागी राहिलं पाहिजे.

त्या ६४० मिनिटांत काय होतं ते सांगतो.

पहिल्याच दिवशीच्या चित्रणात याया सांगतात, "मी ५८ साली आले, 'पात्रिस'ने." पात्रिस म्हणजे मायभूमी, ग्रीसहून ऑस्ट्रेलियाला माणसं आणणारं हे जहाज मेलबर्नच्या प्रत्येक ग्रीक घरात माहीत असतं. नातवाने प्रश्न न विचारता पुढचा विषय काढला. मला मात्र शंका आली, कारण पात्रिस ऑस्ट्रेलियाच्या फेरीवर पहिल्यांदा निघालं तेच डिसेंबर १९५९ मध्ये. ५८ साली त्या जहाजाने कुणी येणं शक्यच नव्हतं. नातू म्हणाला, सोपं आहे, '५८ साली' एवढे शब्द काढून टाक. संकलक म्हणून ते दोन सेकंदांचं काम आहे आणि फिल्ममध्ये मी ते केलंही. पण नंतर आम्ही दोघं यायांकडे गेलो आणि विचारलं. त्यांनी पासपोर्ट काढला. १९६० चा निघाला. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, "५८ साली माझा फोटो आला इथे."

त्या काळात मेलबर्नला आलेल्या तरुण ग्रीक मुलांची लग्नं अशी फोटोवर जमायची. गावाकडची मुलगी, स्टुडिओत काढलेला एक फोटो, पाकीट, तिकीट. नवऱ्यामुलींनी भरलेली जहाजं इथल्या धक्क्याला लागायची. यायांचा फोटो आधी आला आणि त्या मागाहून. त्यांच्या हिशेबाने गाव सुटलं ते फोटो टपालात पडला त्या दिवशी. मधली दोन वर्षं त्या गावात होत्या त्या पाहुण्यासारख्या. ही गोष्ट चुकीच्या सालामुळे हाती लागली. साल दुरुस्त करून टाकलं असतं तर गेलीच होती.

मौखिक इतिहासाचं काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. इटलीतल्या तेर्नी शहरात १९४९ साली लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या हातून मारला गेला. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे तिथल्या कामगारांशी बोलायला सुरुवात केली, तर अनेक जण हा मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीच्या लढ्यात झाला असं सांगत होते. म्हातारपणी विसर पडला म्हणून पोर्तेल्लींनी ते सोडून दिलं नाही. तरणाबांड सोबती एका किरकोळ मोर्चात गेला हे त्या माणसांना सोसवत नव्हतं. त्यांनी त्याचं मरण त्यांच्या लेखी मोठ्या असलेल्या लढाईत नेऊन ठेवलं. चूक कुठे झाली ते कागद सांगतो. का झाली ते माणूस सांगतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय काही कळत नाही, आणि वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये दोन्ही शेजारी ठेवायला जागा नसते.

अमेरिकेतल्या ग्रीक घरांत आणखी एक चूक पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. "आमचं आडनाव लांबलचक होतं, एलिस आयलंडवरच्या कारकुनाने ते कापलं." ही कथा इतर देशांतून आलेल्यांच्या घरांतही आहे. प्रत्यक्षात न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या तपासणी नाक्यावरचे अधिकारी नावं लिहून घेतच नसत. जहाज सुटतानाच प्रवाशांची यादी तयार झालेली असे आणि तिथे फक्त ती पडताळली जाई. नाव कापलं ते आजोबांनी स्वतः, पुढे कधीतरी, काम मिळावं म्हणून किंवा मुकादमाच्या तोंडी बसावं म्हणून. कारकुनावर ढकलणं नातवंडांना बरं वाटतं. माहितीपटात ही दंतकथा जशीच्या तशी येते, मागे संथ व्हायोलिन वाजतं, आणि आजोबांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव कापलं ही खरी दुखरी जागा झाकली जाते. (परक्या भूमीवर नाव बदलण्याची ही तऱ्हा जुनीच आहे. कार्ल्याच्या लेण्यात एका खांबावर कोरलंय की धेनुकाकट इथल्या सिहधय नावाच्या यवनाचं हे दान. तो यवन म्हणजे ग्रीकच की आणखी कुणी, यावर विद्वानांनी वाद घालावा. आईबापांनी त्याला ज्या नावाने हाक मारली ते सिहधय नसावं, एवढं आपल्यालाही कळतं.)

यायांच्या बोलण्याकडे येतो. त्या ग्रीक बोलतात असं त्यांना वाटतं. "नातू 'कारो' घेऊन 'मार्केता'ला गेलाय, 'बिल्या' आली आहेत, ती 'फ्रिझा'वर ठेवलीत." अथेन्समध्ये कारो म्हणजे घोड्याचा गाडा. म्हणजे यायांचा नातू गाडा हाकत बाजाराला जातो. मार्केता, बिल्या, फ्रिझा हे सगळे इंग्रजी शब्द ग्रीक लुगडं नेसून आलेले. मंडळातल्या एका शिक्षकांनी फिल्म पाहून नातवाला प्रेमाने सुचवलं की ही वाक्यं काढ, नव्या पिढीच्या कानावर अशुद्ध ग्रीक नको. मी काढली नाहीत, पण खाली इंग्रजी पट्टी दिल्यावर ती तशीही गायबच झाली. 'ही हॅज टेकन द कार टू द मार्केट.' झालं. शिवणयंत्रावर वाकून, दर नगावर पैसे घेऊन, मुलं सांभाळत एका बाईने परक्या शहरात स्वतःसाठी घडवलेली बोली एका ओळीत सपाट झाली. ही बोली ग्रीसमध्ये कधी नव्हती आणि याया गेल्यावर इथेही राहणार नाही. वारसा म्हणून आणखी काय दाखवायचं असतं?

ऑस्ट्रेलियात ग्रीसमध्ये जन्मलेले लोक १९४७ साली सुमारे १२ हजार होते. १९५२ साली दोन्ही देशांत करार झाला, ओघ लागला आणि १९७१ मध्ये ही संख्या १ लाख ६० हजारांवर गेली. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे ९२ हजार उरली आहे. त्यातले बहुतेक सत्तरीच्या पुढचे. ज्यांना जहाज आठवतं, व्होडोंगाजवळच्या, नव्या स्थलांतरितांसाठीच्या बॉनेगिल्ला छावणीतलं मटण आठवतं (त्या मटणाला नावं न ठेवणारा स्थलांतरित मला अजून भेटायचा आहे), कारखान्याच्या भोंग्याची वेळ आठवते, ती माणसं आता दरवर्षी कमी होणार.

घाईचं हे कारण सगळेच देतात. पण घाईत आपण काय उचलतो? घर पेटलं की माणूस आधी चांदीची भांडी उचलतो, तसं आपलं चाललंय. यायांच्या नवऱ्याचं, म्हणजे नातवाच्या 'पापू'चं, मंडळाच्या यादीप्रमाणे चित्र असं: हातात एक सुटकेस घेऊन आला, राबला, घर बांधलं, मुलं शिकवली. सगळं खरं. पण चौथ्या तासात याया बोलता बोलता सांगतात की १९७३ साली पापू मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोजच्या फोर्ड कारखान्याच्या संपात होता. तिथे कामगारांत ग्रीक, इटालियन, युगोस्लाव असे बाहेरून आलेलेच भरपूर होते. युनियनच्या पुढाऱ्यांनी कामावर परत चला म्हटलं, जुळणीच्या साखळीवरची माणसं ऐकेनात, १३ जूनला कारखान्याची तोडफोड झाली. "तो घरी आला तेव्हा हाताला लागलं होतं. मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही." नातवाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत चमक आली होती. मंडळाने मात्र कळवलं की हा भाग 'विषयाला धरून नाही'.

विषयाला धरून नाही! ग्रीक वारशाच्या विषयाला धरून काय असतं मग? १९७८ साली सिडनीत पोलिसांनी भल्या पहाटे ग्रीक घरांवर छापे घातले. आजारपणाचं निवृत्तिवेतन खोटं बोलून घेतलं, असा आरोप करून शंभरावर माणसं धरली, शेकडोंचं वेतन थांबवलं. खटला वर्षानुवर्षं रखडून अखेर कोसळला आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. त्यातले बरेच जण कारखान्यात पाठ मोडून घेतलेले साधे कामगार होते. निर्दोष ठरल्यावरही कित्येक घरांत हा विषय निघत नाही. पोलीस दारात आले ही लाज खटला कोसळला म्हणून जात नाही. अशा घरातल्या आजोबांवर नातीने फिल्म केली तर त्यात मुसाका बनवण्याची कृती असेल आणि ती पहाट नसेल.

अमेरिकेतही तेच. तिथल्या ग्रीक आठवणींत बूटपॉलिश करणारा पोरगा पुढे हॉटेलचा मालक होतो. त्या पोरांना आणणारे ग्रीक दलाल त्यांच्या मजुरीतला मोठा वाटा खात, हे दबक्या आवाजात. १९०९ साली दक्षिण ओमाहात जमावाने ग्रीक वस्ती जाळून माणसं हुसकावली, हेही दबक्या आवाजात. आणि क्रीटहून आलेला लुइस तिकास? कोलोरॅडोतल्या कोळसा खाणकामगारांचा हा संघटक. लडलो इथल्या संपकऱ्यांच्या तंबूछावणीत ग्रीक खाणकामगारांनी १९ एप्रिल १९१४ ला ईस्टर साजरा केला. दुसऱ्या दिवशी राज्याच्या सैनिकांनी छावणीवर गोळीबार केला, तंबू पेटवले. एका तंबूखालच्या खड्ड्यात जीव वाचवायला उतरलेल्या दोन बायका आणि अकरा मुलं गुदमरून मेली. तिकासला पकडून गोळ्या घातल्या. त्याच्यावर ग्रीसमध्ये माहितीपट झाला तो २०१४ साली, शंभर वर्षांनी. तोवर त्या दिवशीचं डोळ्यांनी पाहिलेलं आठवून सांगेल असं माणूस मिळणं जवळपास अशक्य होतं. तिकासचे सोबती साठी-सत्तरीत आपापल्या नातवंडांना काय सांगत होते कोण जाणे. त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवणारे फार थोडे निघाले.

लोकांनी मुद्दाम लपवलं, असा माझा आरोप नाही. फिल्म या प्रकाराचाच तो स्वभाव आहे. वीस मिनिटांना आकार लागतो, आकाराला शेवट लागतो, आणि स्थलांतराच्या गोष्टीला शेवट एकच ठाऊक आहे: यशस्वी नातवंडं. ग्रीसहून अमेरिकेला गेलेल्यांपैकी फार मोठा हिस्सा काही वर्षांनी परत गावी गेला. काही पैसे घेऊन, काही हात हलवत. त्यांच्यावर कुणाचा नातू फिल्म करणार? तो अमेरिकेत जन्मलाच नाही.

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. ग्रीकांनीच तो करून ठेवलाय, कॅमेऱ्याशिवाय. १९२२ साली स्मिर्ना शहर (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) जळालं, आशिया मायनरमधला ग्रीक समाज विस्कटला. पुढच्या जानेवारीत लोझानला करार झाला आणि बारा लाखांच्या आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसमध्ये, तर साडेतीन लाखांहून जास्त मुसलमान तुर्कस्तानात, अशी अदलाबदल ठरली. बरेच जण त्याआधीच पळून आले होते. १९३० साली मेल्पो मेर्लिए या संगीत जाणणाऱ्या बाईने अथेन्समध्ये निर्वासितांची गाणी तबकड्यांवर घ्यायला सुरुवात केली. गाणी घेता घेता तिच्या लक्षात आलं की गाण्यामागचं गाव कुणी लिहूनच घेतलेलं नाही. मग तिचे सहकारी निर्वासितांच्या वस्त्यांमधून फिरू लागले. गावात झरे किती, कुठली वाट कुठे जाते, शेजारी कोण, निघाला त्या दिवशी काय झालं. हे काम दशकानुदशकं चाललं. सुमारे ५,००० माणसांच्या साक्षी, दीड लाखाच्या घरात हस्तलिखित पानं. त्यातून निवडलेल्या साक्षींचा पहिला खंड छापून आला १९८० साली. पन्नास वर्षं ती पानं कपाटात होती आणि तरीही ते काम वाया गेलं असं आज कुणी म्हणत नाही.

मेल्पोचा नवरा ऑक्टाव्ह मेर्लिए फ्रेंच होता. हे वाचलं तेव्हा मला पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइट्व्हाँ आठवले. गावोगाव फिरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तिथेही सुरुवात गाण्यापासून, आणि ओवी म्हणता म्हणता बाई सासर, दुष्काळ, बाबासाहेब असं सगळं सांगून जाते. 'सुंदर ओव्यांची निवडक ध्वनिफीत' एवढंच काढायचं असं त्यांनी ठरवलं असतं तर पन्नास ओव्या हाती लागल्या असत्या.

सगळं ठेवलं की काय होतं, ते अथेन्सच्या त्या कपाटात दिसतं. अनेक साक्षींत निर्वासित सांगतात की आमचं तुर्क शेजाऱ्यांशी चांगलं होतं, निघताना ते रडले, त्यांनी घराची किल्ली सांभाळू म्हटलं. १९३० च्या ग्रीसला हे ऐकायचं नव्हतं. शिवाय अदलाबदल धर्म पाहून झाली होती, भाषा पाहून नव्हे. तुर्कस्तानातल्या कप्पादोकियातून आलेले कितीतरी ऑर्थोडॉक्स फक्त तुर्की बोलत. ग्रीक अक्षरं वापरून तुर्कीच लिहीत. आणि क्रीटमधून तुर्कस्तानात धाडलेले मुसलमान ग्रीक बोलत. त्या तुर्की बोलणाऱ्या म्हातारीवर आज तिच्या पणतीने फिल्म करायची म्हटली, तर 'ग्रीक वारसा' या मथळ्याखाली तिची भाषा कुठे बसवायची? मथळ्यात बसत नाही ते छाटायचं, की मथळा जरा सैल करायचा?

चांगल्या माहितीपटाला माझा विरोध नाही. असता तर माझं घर कसं चाललं असतं? मारिया इलिऊ या ग्रीक दिग्दर्शिकेने स्मिर्नावर २०१२ साली केलेली फिल्म मला या कामातला चांगला नमुना वाटतो, कारण तिने आठवणींच्या जोडीला परदेशी संग्रहांत धूळ खात पडलेली जुनी चित्रफीत आणि छायाचित्रं शोधून काढली आणि इतिहासकाराला सोबत घेतलं. पण ती शोधता आली, कारण कुणीतरी ती टाकून दिली नव्हती. आपल्या नातवंडांच्या फोनमधलं चित्रण शंभर वर्षांनी कुणाला सापडेल? फोन बदलला की गेलं.

दोन आक्षेप येतात. पहिला, अकरा तास बघणार कोण? कुणीच नाही, सलग. दीड लाख पानंही सलग कुणी वाचत नाही. दर तासाला काय बोलणं झालं याच्या दहा ओळी लिहून ठेवल्या की पुरे. ज्याला ब्रॉडमेडोजचा संप हवाय तो थेट चौथ्या तासाला येईल. एलिस आयलंडच्या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पात १९७३ पासून सुमारे २,००० मुलाखती झाल्या. त्या काही करमणूक म्हणून लोक ऐकत नाहीत, हवं ते शोधायला जातात.

दुसरा आक्षेप जड आहे. घरातलं बाहेर का काढायचं? म्हातारीने नातवाला सांगितलं, जगाला नाही. हे मला मान्य आहे, आणि अख्खं चित्रण ठेवण्याच्या बाजूचा माणूस असल्याने याचं उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावरच येते. कॅमेरा सुरू करताना घेतलेली संमती पुरत नाही, कारण आपण काय बोलणार हे त्या वेळी बोलणाऱ्यालाच माहीत नसतं. सगळं झाल्यावर बसून दाखवलं पाहिजे. हा भाग मी असेपर्यंत नको, हा भाग वीस वर्षं नको, हा कधीच नको, असं म्हणायचा हक्क तिला हवा. संग्रहालयांत अशी मुदत घालून ठेवायची पद्धत आहे. गंमत अशी की वीस मिनिटांच्या फिल्मला हा विधिनिषेध नसतो. तिथे आजीच्या रडण्यावर कॅमेरा जवळ नेतात आणि ती क्लिप फोनवरून चारशे लोकांना जाते.

यायांना आम्ही सगळं दाखवलं. पाच रविवार लागले. एकच तुकडा त्यांनी नको म्हटला, तो कुठला हे सांगत नाही. एक तुकडा मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला लावला. त्यात त्यांच्या आईविषयी आहे. आई समोरच्या तुर्की किनाऱ्यावरच्या आयवालीची. १९२२ मध्ये तिथल्या १८ ते ४५ वयाच्या पुरुषांना कामकरी तुकड्यांत घालून आतल्या मुलखात नेलं, बायकामुलं नावेतून लेस्वोसला आली. आईचे वडील परत आले नाहीत. बेटावरून स्वच्छ संध्याकाळी आयवालीचे दिवे दिसतात. गावातली सगळी माणसं खुर्च्या मांडून समुद्राकडे तोंड करून बसायची, म्हणतात याया, माझी आई समुद्राकडे पाठ करून बसायची. हे सांगताना त्या स्वतः खुर्ची वळवून दाखवतात आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जातात. अडतीस सेकंद पडद्यावर रिकामी भिंत आहे, मागून आवाज येतोय. फिल्ममध्ये मी तो तुकडा घेतला नव्हता. माणूस चौकटीत नाही, असा शेरा मारून बाजूला टाकला होता.

नातवाने आता एका संग्रहालयाशी बोलणं केलंय. ते अकरा तास ठेवून घ्यायला तयार आहेत, फक्त यायांची सही असलेला संमतीपत्राचा फॉर्म हवा. सही झाली, फॉर्म गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. सही ओळखपत्राशी जुळत नाही. पाहिलं तर यायांनी ग्रीक अक्षरांत माहेरचं नाव लिहिलं होतं. जे नाव त्यांनी १९६० नंतर कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. नातवाने कपाळाला हात लावला. दुसरा फॉर्म आणलाय, नवऱ्याच्या आडनावाने सही करा म्हणून सांगून झालंय. याया म्हणतात, बघू. तोवर पहिला फॉर्म फ्रिझावर चुंबकाखाली आहे, विजेच्या बिल्यांशेजारी.